मनगटातली प्लेट भाकरी थापू देईल का?

पावसाळ्याचे दिवस. अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरलेलं. शेजारच्या काकू सकाळी तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि पाय सटकला. पडताना कुणीही जे करतं तेच त्यांनी केलं, उजवा हात पुढे टेकला. सगळ्या अंगाचा भार तळहातावर आला आणि मनगट मोडलं. क्ष-किरण फोटो काढला तर हाडाचे तीन तुकडे. डॉक्टर म्हणाले, "काकू, नुसत्या प्लास्टरने हे जागेवर राहणार नाही. ऑपरेशन करून प्लेट टाकावी लागेल."

संध्याकाळपर्यंत पुण्याहून मुलगा आला. येतानाच गाडीत मोबाइलवर सगळं वाचून आलेला. "आई, आता थ्रीडी प्रिंटरवर तुझ्या हाडाच्या मापाची प्लेट छापून मिळते. दुकानातली तयार प्लेट कशाला? पैशाचं मी बघतो." काकूंचा प्रश्न मात्र अगदी साधा होता. "ते काय छापायचं ते छापा रे बाबा. मला पुन्हा भाकरी थापता येईल का, तेवढं विचार डॉक्टरांना."

मैत्रिणींनो, काकूंच्या या प्रश्नातच खरी परीक्षा आहे. प्लेट नवी की जुनी, छापलेली की घडवलेली, हे नंतर. ती आपल्या रोजच्या कामाचा भार पेलेल का, किती दिवस पेलेल आणि पेलली नाही तर काय होईल, हे आपल्याला कळायला हवं. कारण उजवं मनगट गेलं की घरातल्या बाईचं जग थांबतं. मग ती शिवणकाम करणारी असो, पोळ्या लाटून देणारी असो की शाळेत फळ्यावर लिहिणारी.

बायकांचंच मनगट का?

मनगटापाशी अंगठ्याच्या बाजूला जे जाड हाड असतं, त्याला रेडियस म्हणतात. हात टेकून पडलं की बहुतेक वेळा तेच मोडतं. डब्लिनमधले शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी या फ्रॅक्चरचं वर्णन १८१४ मध्ये लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. म्हणजे फोटो काढायची सोय येण्याच्या ऐंशी वर्षं आधी, नुसत्या हाताने चाचपून आणि डोळ्यांनी बघून त्यांनी ते ओळखलं होतं. आजही डॉक्टर त्याला 'कॉलिस फ्रॅक्चर' म्हणतात.

पाळी गेल्यानंतर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं झपाट्याने विरळ व्हायला लागतात. मनगटाजवळचा भाग तर आतून स्पंजासारखाच असतो. तो आणखी पोकळ झाला की साधं उभ्या उभ्या पडणंही पुरतं. म्हणून पन्नाशीनंतर बायकांमध्ये हे फ्रॅक्चर पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं.

प्लेटचं काम किती दिवसांचं?

घराचा स्लॅब पडताना आपण सगळ्यांनीच पाहिलाय. आधी खालून फळ्या आणि टेकू लावून सेंट्रिंग उभं करतात, मग काँक्रीट ओततात. काँक्रीट पक्कं होईपर्यंत सगळा भार सेंट्रिंगवर. एकदा स्लॅब धरला की भार तो स्वतःच घेतो. मनगटातल्या प्लेटचं काम अगदी असंच आहे. हाड जोडतो आपला देह. प्लेट फक्त तुकडे योग्य जागी धरून ठेवते, साधारण सहा ते आठ आठवडे. त्यानंतर हळूहळू भार हाडाकडे जातो.

पण हे सहा ते आठ आठवडे महत्त्वाचे. या काळात प्लेटवर किती भार येतो? आपल्याला वाटतं, हात गळ्यात अडकवलाय म्हणजे भार शून्य. तसं नाही. बोटं हलवणारे स्नायू कोपराजवळून निघतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून पुढे बोटांत जातात. बोटं मिटली की या दोऱ्या ताणल्या जातात आणि मनगटाचं हाड दाबलं जातं. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की मुठीत जेवढा जोर लावावा त्याच्या सुमारे अडीच पट भार रेडियसच्या या टोकावर येतो. म्हणजे १० किलोच्या जोराने काही घट्ट धरलं, तर मोडलेल्या जागी २५ किलोहून जास्त! ओली चादर पिळणं, कुकरचं झाकण घट्ट बसवणं, पाण्याची कळशी उचलणं, ही कामं 'हलकी' का नाहीत, ते आता लक्षात येईल.

छापतात म्हणजे काय करतात?

नेहमीची प्लेट स्टीलची किंवा टायटॅनियमची असते. ठोकून, दाबून घट्ट केलेल्या धातूच्या पट्टीतून यंत्रावर ती कापून घडवतात. ठरावीक मापांत येते, डावी-उजवी, लहान-मोठी, जशी आपली चप्पल. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूने बसवायच्या आजच्या 'लॉकिंग प्लेट' २००० नंतरच्या वर्षांत जगभर रूढ झाल्या. त्यांत स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि तो प्लेटमध्ये पक्का बसतो. हाड विरळ असलं तरी स्क्रू डुगडुगत नाही, हा त्यांचा मोठा फायदा.

छापलेली प्लेट वेगळ्या पद्धतीने तयार होते. आधी रुग्णाच्या मनगटाचा सीटी स्कॅन काढतात. मोडलेल्या हाताचा मूळ आकार कसा होता, हे कळावं म्हणून बरेचदा चांगल्या हाताचाही काढतात आणि आरशात दिसावी तशी त्याची उलटी प्रतिमा नमुना म्हणून घेतात. त्यावरून संगणकावर प्लेटचं चित्र तयार होतं. मग यंत्रात टायटॅनियमच्या मिश्रधातूची पूड पसरतात. आपल्या रांगोळीपेक्षाही बारीक, एकेक कण केसाच्या जाडीहूनही लहान. या मिश्रधातूत साधारण ९० टक्के टायटॅनियम, ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. पुडीच्या पातळ थरावर लेझरचा किरण फिरतो. जिथे फिरतो तिथली पूड वितळून घट्ट होते. मग दुसरा थर, पुन्हा किरण. असे शेकडो थर एकावर एक चढले की प्लेट तयार! रांगोळीचे ठिपके जोडत गेलं आणि रांगोळी जमिनीवरून वर उठत गेली, असं काहीसं.

ऐकायला जादूच वाटते. पण इथेच काकूंच्या प्रश्नाकडे परत यायला हवं. थराथराने उभी केलेली वस्तू भार पेलते का?

तार वाकवून तुटते तशी

उत्तर 'हो' आहे, पण त्यात एक मेख आहे. एकदाच जोर लावून बघितला, तर छापलेलं टायटॅनियम ठोकून घडवलेल्या टायटॅनियमच्या तोडीस तोड ठरतं. कधी कधी सरसही. त्यामुळे जाहिरातीत 'तितकंच मजबूत' लिहिलेलं असलं तर ते खोटं नसतं. पण आपल्या मनगटावर एकदाच भार येत नाही. दिवसातून हजारो वेळा बोटं मिटतात, उघडतात.

घरात लोखंडी तार तोडायची असली आणि पक्कड सापडत नसली तर आपण काय करतो? ती एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहतो. एका वाकवण्यात ती तुटत नाही. दहा-पंधरा वेळा वाकवली की पटकन तुटते. धातूला असा 'थकवा' येतो. भार थोडाच असला तरी तो पुन्हा पुन्हा येत राहिला, तर आधी बारीक चीर पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस तुकडा पडतो. म्हणून हाडाच्या प्लेटची खरी कसोटी या थकव्याची असते. प्रयोगशाळेत प्लेटला यंत्रात धरून दहा लाख वेळापर्यंत वाकवून बघतात. मनगटाच्या प्लेटची चाचणी घेताना अनेकदा नकली हाडातून एक सेंटिमीटरचा तुकडा काढूनच टाकतात आणि मधल्या मोकळ्या जागेवरून प्लेट बसवतात. हाडाचा आधार जराही नाही, सगळा भार प्लेटवर. मग बघायचं, ती किती टिकते.

छापलेल्या प्लेटची दुबळी बाजू या थकव्यातच दिसते. कारणं तीन. पहिलं, लेझर फिरताना कुठे पूड नीट वितळली नाही, कुठे वायूचा बुडबुडा अडकला, तर आत बारीक छिद्रं राहतात. ढोकळ्याला जाळी पडली की आपण खूश होतो, पण प्लेटमध्ये प्रत्येक छिद्र म्हणजे चीर पडायला आयती जागा. दुसरं, यंत्रातून निघालेल्या प्लेटचा पृष्ठभाग खरखरीत असतो. त्या खरखरीतूनही चिरा सुरू होतात. तिसरं, थरांची दिशा. चिरोटा पदराच्या बाजूने सहज सुटतो, आडवा तोडायला जास्त जोर लागतो. छापताना प्लेट आडवी ठेवली की उभी, यावर तिची ताकद कुठल्या दिशेला जास्त आणि कुठल्या दिशेला कमी, हे ठरतं.

यावर उपाय आहेत, आणि चांगले कारखाने ते करतात. छापून झाल्यावर प्लेट भट्टीत तापवतात, म्हणजे आत साठलेला ताण निघून जातो. मग तिला एका प्रचंड प्रेशर कुकरमध्ये घालतात म्हणा ना! त्यात ९०० अंश सेल्सियसहून जास्त तापमान आणि हवेच्या दाबाच्या सुमारे हजार पट दाब असतो. आतली छिद्रं त्या दाबाने मिटतात. शेवटी पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात. एवढं सगळं केलं की छापलेलं टायटॅनियम थकव्याच्या परीक्षेतही घडवलेल्या टायटॅनियमच्या जवळ पोहोचतं. म्हणजे काय, तर प्लेटची ताकद प्रिंटरमध्ये जितकी ठरते तितकीच प्रिंटरमधून बाहेर काढल्यावर ठरते. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने डिसेंबर २०१७ मध्ये थ्रीडी छपाईच्या वैद्यकीय साधनांसाठी मार्गदर्शिका काढली. त्यातही छापताना वस्तू कशी ठेवली, उरलेली पूड पुन्हा वापरली का, नंतर कोणती प्रक्रिया केली, चाचण्या कोणत्या घेतल्या, हेच तपशील उत्पादकांकडे मागितले आहेत.

गुळगुळीतपणाचं आणखी एक कारण आहे. मनगटावरून अंगठ्याच्या आणि बोटांच्या दोऱ्या सरकत जातात. प्लेटची कड वर आलेली किंवा खरखरीत असली, तर दोरी घासली जाते आणि कधी काही महिन्यांनी तुटतेसुद्धा. मग हाड जुळलेलं, पण अंगठा वाकत नाही! तेव्हा प्लेट मजबूत हवी म्हणून वाटेल तितकी जाड करूनही चालत नाही.

जास्त ताठ म्हणजे जास्त चांगली?

आपल्याला वाटतं, मजबूत म्हणजे जराही न वाकणारी. हाडाला मात्र थोडा भार लागतो. भार आला की ते बळकट होतं, भारच नसला की झिजतं. हाडाच्या बाहेरच्या टणक थरापेक्षा स्टील सुमारे दहा पट ताठ असतं, टायटॅनियम पाच ते सात पट. प्लेट फार ताठ असली तर सगळा भार तीच उचलते आणि खालचं हाड आळसावतं. ज्या घरात सासूबाई एकही काम सुनेच्या हाती लागू देत नाहीत, तिथे सून वर्षभराने पाहुण्यांना चहा करतानाही गांगरते, तसंच हे!

छपाईचा खरा फायदा इथे दिसू शकतो. छापताना प्लेट कुठे भरीव, कुठे पातळ, कुठे जाळीदार ठेवता येते, म्हणजे तिचा ताठपणा हाडाच्या जवळ आणता येतो. पण जाळी वाढवली की ताठपणाबरोबर ताकदही घटते. कुठे किती ठेवायचं, हा तोल संशोधक अजून साधत आहेत.

मग छापलेली प्लेट कुणाला?

काकूंच्या डॉक्टरांनी मुलाला समोर बसवून समजावलं. "तुमच्या आईचं फ्रॅक्चर नेहमीच्या प्रकारचं आहे. तयार प्लेट तिथे नीट बसते. ती वर्षानुवर्षं हजारो रुग्णांत वापरून पारखलेली आहे. छापून घ्यायची तर स्कॅन, आराखडा, छपाई, प्रक्रिया यात दिवस जातात, आणि ताजं फ्रॅक्चर फार दिवस थांबत नाही."

मग छपाई कुठे उपयोगी? हाड वाकडं जुळलेलं असलं आणि ते पुन्हा कापून सरळ करायचं असलं, तर. हाड नेमकं कुठे आणि किती कोनात कापायचं, हे दाखवणारा साचा आणि त्याच मापाची प्लेट छापून घेता येते. मनगटातल्या गाठीमुळे हाडाचा मोठा भाग काढावा लागला, तर त्या जागी बसवायचा भागही छापलेला वापरला गेला आहे. शिवाय अवघड ऑपरेशनच्या आधी रुग्णाच्या हाडाची प्लास्टिकची प्रतिकृती छापून त्यावर तयारी करतात. हा वापर तुलनेने स्वस्त, आणि प्लास्टिक शरीरात जात नसल्याने त्याच्या ताकदीची चिंताही नाही.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक मोडलेल्या मनगटाला प्लेट लागतेच असंही नाही. ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या डॉक्टरांनी ६५ वर्षांच्या पुढच्या रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला. काहींना प्लेट टाकली, काहींना नुसतं प्लास्टर घातलं. वर्षभरानंतर वेदना आणि रोजची कामं यात दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. मुठीचा जोर मात्र प्लेटवाल्यांचा जास्त होता. म्हणजे निर्णय वय, हाडाचे तुकडे आणि हाताने काय काम करायचं आहे, यावर ठरतो. भाकरी थापणारीने तिचं काम डॉक्टरांना स्पष्ट सांगायला हवं. संकोच नको.

डॉक्टरांना काय विचाराल?

ऑपरेशन ठरलं असेल तर हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

प्लास्टरने भागणार नाही का? नसेल तर का?

प्लेट स्टीलची की टायटॅनियमची? तयार की खास मापाची? खास मापाची असेल तर माझ्या बाबतीत तिचा नेमका फायदा काय?

छापलेली असेल, तर तिची थकव्याची चाचणी झाली आहे का? बनवणाऱ्याकडे परवाना आहे का? आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. शरीरात बसवायची साधनं त्यांत येतात.

प्लेटच्या वेष्टनावरचं स्टिकर माझ्या कागदपत्रांत लावाल का? त्यावर कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांक असतो. पुढे काही झालं तर तोच पुरावा, म्हणून ते जपून ठेवा.

बोटं कधीपासून हलवायची आणि वजन कधी उचलायचं? पहिल्याचं उत्तर बहुधा 'आजपासून' असतं. बोटं न हलवता ठेवली तर ती आखडतात. दुसऱ्याचं उत्तर फोटोत हाड जुळलेलं दिसल्याशिवाय मिळत नाही. प्लेट आहे म्हणून आठव्या दिवशी चादरी पिळायला जाऊ नका, आणि प्लेट मोडेल या भीतीने तीन महिने हात पदराखाली लपवूनही ठेवू नका. दोन्हींत नुकसानच.

कच्चं कडं कोणतं?

सगळ्यात शेवटी सांगते, पण हे पहिलं समजा. मनगटात प्लेट मोडण्याचे प्रसंग तसे विरळाच. त्यापेक्षा जास्त वेळा काय होतं, तर पोकळ हाडात स्क्रूची पकड सुटते आणि तुकडे सरकतात. भिंत भुसभुशीत असली तर खिळा कितीही पोलादी असो, तो निघणारच. साखळीतलं कच्चं कडं बहुतेक वेळा धातू नसतो, आपलं हाड असतं. ते बळकट करायचं यंत्र कुठल्याही कारखान्यात नाही.

म्हणून पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं, तर ती सूचना समजावी. आज मनगट, उद्या मणका किंवा खुबा. हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी करून घ्या. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा, गरज असेल तर औषध सुरू करा आणि मध्येच सोडू नका. नाचणी, तीळ, दूध-दही पानात असू द्या. रोज चाला. अंगणातलं शेवाळ घासून काढा, मोरीत खरबरीत फरशी घाला आणि रात्री उठल्यावर दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकू नका. घरातले म्हणतील, उगाच खर्च. त्यांना ऑपरेशनचं बिल दाखवा!

काकूंना शेवटी तयार प्लेटच बसवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोटांचे व्यायाम सुरू केले. सहा आठवड्यांनी फोटोत हाड जुळताना दिसलं, तेव्हा डॉक्टरांनी हलकी कामं करायला सांगितली. डेक्साचा आकडा मात्र चांगला नव्हता. आता त्यांचं औषध चालू आहे. तीन महिन्यांनी त्यांनी परातीत पीठ घेतलं. पहिली भाकरी कडेला फाटली, दुसरी जरा जाड झाली. तिसरी तव्यावर टम्म फुगली, तेव्हा मुलाला फोन लावून म्हणाल्या, "तुझा तो प्रिंटर राहू दे. येशील तेव्हा अंगणाला खरबरीत फरशी तेवढी बसवून दे."